अपडेट आलं आणि गेम बिघडला, आता काय करायचं? वडगावच्या कॅफेवाल्याचं सांगणं

बेळगावच्या वडगावात माझं छोटं गेमिंग कॅफे आहे. सहा पीसी, एक इन्व्हर्टर आणि दारात चपलांचा ढीग. इतक्या वर्षांत पोरांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "दादा, अपडेट आल्यापासनं गेमची पार वाट लागलीय." कन्नड बोलणारी पोरं दादाच्या जागी अण्णा म्हणतात एवढाच फरक, रड सेम टू सेम. आणि रड खोटी नसते हे आधीच सांगतो, मीही रडलोय. खरं (आमच्याकडे पण म्हणायचं असलं की खरं म्हणतात, बाहेरच्यांनी समजून घ्या) निम्मा त्रास बगचा (म्हणजे गेममधल्या चुकीचा) असतो आणि निम्मा, काय चाललंय, कधी नीट होणार, चूक आपली का त्यांची हे काहीच कळत नाही याचा असतो. बग काढणं आपल्या हातात नाही. बाकीच्या निम्म्याचं मात्र बरंच काही करता येतं, ते सांगायला बसलोय.

हे सगळं मला आधीपासून येत होतं असं समजू नका. माझा मामेभाऊ बेंगळूरला गेम टेस्टिंगच्या नोकरीला आहे, सुट्टीला आला की राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं उतरून घरी जायच्या आधी कॅफेत येतो, आणि मी त्याला चहा पाजून पाजून एकेक गोष्ट काढून घेतलीय.

आधी ती टूर्नामेंट सांगतो

गणपतीच्या आधी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी मोबाइल गेमची टूर्नामेंट ठेवली. सोळा टीम, एंट्री फुकट, बक्षीस ट्रॉफी आणि दोन किलो कुंदा (आमच्याकडची मिठाई). रविवारी सकाळी दहाला सुरुवात. खानापूरची एक टीम पहिल्या बसनं आली होती, पोरांच्या डोळ्यात झोप, हातात पॉवर बँक. रूम बनवली, आयडी वाटला, आणि निम्मी पोरं आत, निम्मी बाहेर. बाहेरच्यांना मेसेज येतोय व्हर्जन जुळत नाही. शुक्रवारी रात्री एक छोटं अपडेट आलेलं, ते कुणाच्या फोनवर होतं, कुणाच्या नव्हतं. ज्यांच्याकडे नव्हतं ते प्ले स्टोअर उघडून दाखवताहेत, "बघ की दादा, इथं अपडेटचं बटणच नाही, नुसतं ओपन आहे." दोन भाऊ, एकाच घरातले, एकाच वायफायवर, एकाला आलंय एकाला नाही. झालं, कंपनीला शिव्या सुरू, त्यात माझाही आवाज होता.

दुपारी मामेभावाला फोन लावला तर तो हसायलाच लागला. म्हणाला, अरे आपल्या गल्लीत नळाला पाणी कसं सोडतात? एकदम सगळ्या गावाला सोडतात काय? आधी एक गल्ली, मग पुढची, वॉल्व्हवाला किल्ली घेऊन फिरतो. अपडेटचं तसंच आहे. प्ले स्टोअरवर कंपनीला ठरवता येतं की आज शंभरातल्या पाच जणांना द्यायचं, काही फुटलं नाही तर उद्या वीस जणांना, मग सगळ्यांना. पाच जणांचा गेम बंद पडायला लागला तर वॉल्व्ह तिथंच बंद, बाकीचे पंच्याण्णव वाचले. तू कुठल्या गल्लीत आहेस हे तू ठरवत नाहीस, कुठला फोन आधी घ्यायचा ते तिकडूनच ठरतं. आयफोनचं थोडं वेगळं. तिथं कंपनीनं टप्प्याटप्प्यानं द्यायचं ठरवलं तर सात दिवस चालतं, पहिल्या दिवशी १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १००, खरं ते फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटला लागू. आयफोनवाल्यानं स्वतः ॲप स्टोअरमध्ये जाऊन बटण दाबलं तर त्याला पहिल्याच दिवशी मिळतं. म्हणून त्या रविवारी आयफोनवाली चार पोरं झटकन आत होती आणि बाकीचे त्यांच्याकडे संशयानं बघत होते.

तर मग करायचं काय. बटण दिसत नसेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ॲप्सच्या यादीत जा आणि तिथून अपडेट तपासा, कधीकधी नुसत्या गेमच्या पानावर जुनंच दिसत राहतं. तरी नाही आलं तर प्ले स्टोअरची कॅशे (तात्पुरत्या फाइलींची साठवण) साफ करा, फोन बंद करून चालू करा. त्यानंतरही नसेल तर तुमची गल्ली अजून आलेली नाही, गप बसा. इथं पोरं दुसरंच करतात, टेलिग्रामवर कुणीतरी नव्या व्हर्जनची एपीके (स्टोअरबाहेरून इन्स्टॉल करायची ॲपची फाइल) टाकलेली असते ती घेऊन इन्स्टॉल करतात. करू नका. एक तर त्यात काय घुसवलंय कुणाला माहीत, एसएमएस वाचायची परवानगी मागणारी गेम कधी बघितलीय काय? दुसरं म्हणजे फाइल बदललेली सापडली तर अकाउंट बॅन, आणि तेव्हा तुमचं कुणी ऐकणार नाही.

आणि टूर्नामेंट ठेवणाऱ्यांना एक सांगणं, मोठ्या अपडेटच्या आठवड्यात ठेवूच नका. ठेवलीच तर दोन दिवस आधी सगळ्या टीमकडून व्हर्जन नंबरचा स्क्रीनशॉट मागवा. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. आम्ही आता असंच करतो. (कुंदा त्या रविवारी सगळ्यांनी मिळून खाल्ला, मॅच पुढच्या रविवारी झाली.)

घड्याळाचं गणित

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावर होतात. घोषणा येते, मेंटेनन्स (देखभालीसाठी सर्व्हर बंद) १८ तारखेला २३:०० यूटीसी (जगाची प्रमाण वेळ). पोरगा वाचतो १८ तारीख रात्री अकरा, अकराला तयार होऊन बसतो, गेम मस्त चालू, म्हणतो पुढं ढकललं वाटतं. झोपतो. पहाटे उठून रँक मॅच लावतो आणि मॅचच्या मध्यात सर्व्हर बंद. यूटीसीत साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे २३:०० यूटीसी हे आपल्याकडे १९ तारखेची पहाट, साडेचार. तारीखच बदलते, हे लक्षात येत नाही.

कॅफेच्या भिंतीवर मी खडूनं लिहून ठेवलंय. यूटीसी असेल तर साडेपाच मिळवा. कोरिया किंवा जपानची वेळ असेल तर साडेतीन वजा करा. चीनची असेल तर अडीच वजा. पॅसिफिक म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असेल तर उन्हाळ्यात साडेबारा मिळवा, हिवाळ्यात साडेतेरा. हा उन्हाळा हिवाळा आपला नव्हे, तिकडचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं. त्यामुळं दर नोव्हेंबरात कुणीतरी येऊन म्हणतंच, दादा यांनी टाइम गुपचूप बदलला. बदलला नाही मर्दा, त्यांचं घड्याळ बदललं.

आता वेळ अशी विचित्र का असते तेही सांगतो, कारण हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. सर्व्हर बंद करायचा झाला तर कंपनी बऱ्याचदा तिकडं सगळ्यात कमी माणसं खेळत असतील ती वेळ बघते. समजा कोरियातली कंपनी आशियाचा सर्व्हर त्यांच्या पहाटे पाचला बंद करते, तिथं गाव झोपलेलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड, म्हणजे जेवून, घरचे झोपल्यावर, पांघरुणात फोन धरून बसायची बरोबर वेळ. समजा अमेरिकेतली कंपनी पॅच (दुरुस्तीचं अपडेट) सकाळी दहाला सोडते, कारण सगळा स्टाफ चहा पिऊन टेबलावर आलेला असतो आणि काही फुटलं तर दिवसभर हातात असतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा. म्हणजे दोन्हीकडून आपणच मधे. मुद्दाम कुणी करत नाही, आपण त्यांच्या घड्याळात चुकीच्या जागी बसलोय एवढंच.

वारांचंही तसंच. पॅच बऱ्याचदा मंगळवारी बुधवारी येतात. सोमवारी लोक येऊन शेवटची तपासणी करतात, मंगळवारी सोडतात, मग बिघडलेलं निस्तरायला तीन दिवस असतात. शुक्रवारी कुणी शहाणा माणूस अपडेट सोडत नाही (आमच्या टूर्नामेंटच्या वेळी सोडलं होतं, ते आठवलं की अजून कळ येते). स्टीमचं (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आठवड्याचं मेंटेनन्सही अमेरिकेतल्या मंगळवारी असतं, आपल्याकडे तोवर बुधवार लागलेला असतो. यावरून एक अंदाज बांधता येतो. शुक्रवारी रात्री नवा बग दिसला आणि तो अकाउंट, पैसे किंवा गेम उघडण्याचा नसेल, तर सोमवारच्या आधी काही होणार नाही धरून चाला. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तर तिकडची बरीच ऑफिसं नवीन काही सोडतच नाहीत, चिनी कंपन्यांचं त्यांच्या नवीन वर्षाला तसंच. आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते तेव्हा कुठलं दुकान उघडं असतं सांगा बघू.

दोन मिनिटांचा बग आणि दोन महिन्यांचा बग

पोरं विचारतात, एवढी मोठी कंपनी, एवढा छोटा बग, दोन महिने का लागतात. मी पण हेच विचारलेलं. मामेभाऊ म्हणाला बदल कुठं करायचाय त्यावर आहे. बंदुकीचं डॅमेज जास्त झालंय, दुकानात वस्तूची किंमत चुकलीय, इव्हेंटची वेळ चुकलीय, असल्या गोष्टी बऱ्याचदा सर्व्हरवर असतात, तिथं आकडा बदलला की झालं, तुम्हाला डाउनलोडसुद्धा लागत नाही. याला हॉटफिक्स म्हणतात. खरं चूक तुमच्या फोनमधल्या गेममध्येच असेल तर नवं व्हर्जन बनवायला लागतं, ते शेकडो तऱ्हेच्या फोनवर तपासायला लागतं, मग स्टोअरकडे मंजुरीला पाठवायला लागतं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सची तपासणी वेगळी. आणि ज्या गेममध्ये पीसीवाला, मोबाइलवाला, कन्सोलवाला एकत्र खेळतात तिथं सगळ्यांचं व्हर्जन एक हवं, म्हणजे ज्याची मंजुरी सगळ्यात शेवटी येणार त्याच्यासाठी बाकीचे थांबणार. लग्नाची बस शेवटचा काका येईपर्यंत हलत नाही तसं.

त्यात परत बगांची रांग असते. आधी गेम बंद पडणं, अकाउंट जाणं, पैसे कापून वस्तू न मिळणं, चीटिंगला वाव देणारं काही. मग खेळ बिघडवणारं. टोपीतून केस बाहेर येतात हे सगळ्यात खाली. तुमच्यासाठी टोपी महत्त्वाची असेल, विकत घेतली असेल तर असणारच, खरं रांग अशी आहे.

आधी स्वतःचं घर तपासा

हे ऐकायला कुणाला आवडत नाही. तरी सांगतो, कॅफेत "सर्व्हर खराब आहे" म्हणून आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी माझ्याच वायरच्या निघाल्यात. आमच्याकडे जुलैचा पाऊस म्हणजे काय ते बेळगावकरांना सांगायला नको, फायबरची वायर खांबावरनं झाडावर, झाडावरनं गच्चीवर, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की लाइन चालू दिसते खरं मधेच गचके देते. व्हिडिओ चालतो कारण तो पुढचं आधीच भरून ठेवतो, गेम मात्र लगेच सांगते.

तपासायचं असं. पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी राउटरला पिंग करा (ping लिहून पुढं पत्ता द्यायचा, उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं). बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या मागं चिकटवलेला असतो. वायरनं जोडलेलं असेल तर एक दोन मिलिसेकंद यायला पाहिजे. इथंच आकडा उड्या मारत असेल तर वायफाय किंवा राउटरची भानगड, पुढं जाऊच नका. राउटर ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा, हा गूगलचा पत्ता आहे, बहुतेक वेळा चालू असतो. पाच मिनिटं चालू द्या आणि मधे मधे टाइम आउट येतंय काय बघा. येत असेल तर लाइनवाल्याला फोन. दोन्ही स्वच्छ, आणि फक्त गेममध्येच गचके, तर आता तुम्ही हक्कानं म्हणू शकता की प्रॉब्लेम तिकडं आहे. फोनवर एवढी कटकट नको असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एक मॅच खेळा, फरक कळतोच.

सीमेजवळच्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. शिनोळीकडं, उचगावच्या पुढं, निपाणीच्या पलीकडं फोन कधी इकडचा टॉवर धरतो कधी महाराष्ट्रातला, स्वागताचे मेसेज येतच राहतात. आमचा एक पोरगा घराच्या पुढच्या खोलीत ४० पिंगवर खेळतो आणि मागच्या खोलीत ९० वर, आणि महिनाभर गेमला शिव्या देत होता. टॉवर बदलला की डेटाचा रस्ता बदलतो, त्यात अपडेटचा काही संबंध नाही. एका जागी बसा, नाहीतर वायफाय घ्या. या सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

पीसीवाल्यांसाठी, अपडेटनंतर पहिल्या दोन तीन मॅचमध्ये गेम अडकत अडकत चालत असेल तर घाबरू नका. ग्राफिक्स कार्डासाठी बनवून ठेवलेली शेडरची (चित्र काढायच्या छोट्या प्रोग्रॅमची) साठवण अपडेटनं बाद होते आणि ती परत बनत असते. तीन मॅच खेळा, मग बोला. त्यानंतरही असेल तर स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइली तपासायचं बटण आहे ते दाबा, अर्धवट उतरलेली फाइल ते बदलून देतं. पूर्ण अनइन्स्टॉल करून परत ६० जीबी ओढायची गरज दहात एकदा पडते.

फोनवाल्यांनी मात्र एक गोष्ट फार जपून करायची. कॅशे साफ करणं वेगळं, डेटा साफ करणं वेगळं, डेटा साफ केला की फोनमधली तुमची लॉगिनची नोंदही जाते. अनगोळचा एक पोरगा, बारावीतला, गेस्ट अकाउंटवर दोन वर्षं खेळत होता, कुठं लिंकच केलेलं नाही. अपडेटनंतर गेम उघडेना, मित्रानं सांगितलं डेटा क्लिअर कर. केला. गेम उघडली, एकदम नवीकोरी, नाव विचारतेय. तो पोरगा माझ्या काउंटरजवळ उभा राहून पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडं बघत होता, बोलला काहीच नाही, मग त्याला मी चहा दिला. म्हणून हे वाचून झाल्याबरोबर पहिलं काम, गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट ईमेलला जोडा आणि प्लेअर आयडी कागदावर लिहून ठेवा. खरंच आत्ता करा.

मोठं अपडेट आणि छोटी लाइन

याचं गणित पोरांना येत नाही म्हणून चिडचिड होते. लाइन ४० ची आहे म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे, ४० मेगाबिट, आठनं भागायचं, पाच एमबी. २० जीबीचं अपडेट म्हणजे साधारण ४ हजार सेकंद, एक तास सात मिनिटं, तेही दुसरं कुणी काही बघत नसेल तर. माझ्याकडे सहा पीसी, सगळ्यांवर वेगवेगळं ओढलं तर पावणेसात तास, दिवसाचा धंदा गेला. मी एकावर ओढतो आणि बाकीच्यांना लोकल नेटवर्कवरून देतो. स्टीमनं २०२३ पासून ही सोय दिलीय, डाउनलोडच्या सेटिंगमध्ये चालू करायची, एकाच घरात दोन पीसी असतील त्यांनीही करा. आणि डाउनलोड ३०० एमबीचं असून अर्धा तास लागतोय असं झालं तर लाइनला दोष देऊ नका, ती मोठी फाइल फोडून परत लिहीत असते, काम हार्ड डिस्कचं चाललेलं असतं. तेवढ्यात करंट गेला तर वाट लागते, इन्व्हर्टर त्याच्यासाठीच.

तक्रार अशी लिहा की कुणालातरी कामाला लावता येईल

पोरं लिहितात, "बकवास गेम, लवकर दुरुस्त करा नाहीतर डिलीट करणार." मामेभाऊ म्हणतो असले दिवसाला हजारो येतात, त्यातनं एकही बग सापडत नाही. टेस्टरला लागते ती एकच गोष्ट, तुमच्या फोनवर झालेलं त्याच्या टेबलावर परत घडवता आलं पाहिजे. घडलं की निम्मं काम झालं.

म्हणून लिहायचं असं. गेमचं व्हर्जन अमुक, सर्व्हर आशिया, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड अमुक, प्लेअर आयडी अमुक, वेळ १४ तारीख १५:४० यूटीसी. लॉबीत बंदूक बदलली आणि पाच सेकंदांच्या आत मॅच सुरू केली, तर मॅचमध्ये पहिला अर्धा मिनिट जुनीच बंदूक हातात राहते. नवी यायला हवी होती. १० वेळा करून बघितलं, ७ वेळा झालं. पाच सेकंद थांबून मॅच सुरू केली तर एकदाही होत नाही. सोबत व्हिडिओ. बस. हेच मोडक्यातोडक्या साध्या इंग्रजीत लिहा, व्याकरण कुणी बघत नाही, आकडे बघतात. "कधी होत नाही" हे वाक्य तर सोन्याचं, त्यावरून चूक कुठं असेल ते त्यांना लगेच वास लागतो. वेळ यूटीसीत द्या कारण त्यांच्या सर्व्हरच्या नोंदी बऱ्याचदा त्यातच असतात, तुमच्या "काल रात्री जेवल्यावर" वरून कुणी काय शोधणार. पासवर्ड, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, सपोर्टच्या नावानं मागितला तरी नाही.

एक खरी गोष्ट सांगतो, हीच मला सगळ्यात आवडते. जीटीए ऑनलाइन २०१३ ला आलं आणि त्याचं लोडिंग म्हणजे चहा करून पिऊन यावं एवढं. वर्षानुवर्षं लोक शिव्या देत राहिले. २०२१ च्या सुरुवातीला एका प्लेअरनं, कंपनीचा माणूस नव्हे, स्वतःच्या पीसीवर घड्याळ लावलं, सहा मिनिटं. मग बघितलं की तेवढा वेळ प्रोसेसरचा एकच कोर घाम गाळतोय, बाकीचं सगळं रिकामं. खोदत गेला तर कळलं, गेम १० एमबीची एक यादी वाचतेय, दुकानातल्या वस्तूंची, साधारण ६३ हजार नोंदी, आणि प्रत्येक नोंद वाचताना यादीची लांबी परत मोजत बसतेय. वर प्रत्येक वस्तू आधी आलीय काय हे बघायला आधीच्या सगळ्यांशी ताडून बघतेय. किराणावाल्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला उधारीची वही पहिल्या पानापासून मोजत बसावं तसं. त्यानं स्वतःच दुरुस्ती करून दाखवली, सहाची दोन मिनिटांच्या आत आली, सगळं मोजमाप लिहून मांडलं. मार्च २०२१ मध्ये गेमची कंपनी रॉकस्टारनं ते अपडेटमध्ये घातलं आणि त्याला १० हजार डॉलर दिले. इतक्या वर्षांच्या शिव्यांनी जे झालं नाही ते एका नीट मांडलेल्या तक्रारीनं झालं. आता आपण काय प्रोसेसर खोदणार नाही, खरं घड्याळ लावून आकडा तर लिहू शकतो की.

तक्रार पाठवायच्या आधी एकदा गेमची माहीत असलेल्या बगांची यादी बघा, बऱ्याच गेम देतात. त्यात तुमचा असेल तर परत लिहून काही होत नाही. नसेल तर लिहा, तिकीट नंबर (तक्रारीचा नंबर) वहीत टाका, आठवड्यानं एकदा विचारा. रोज विचारलं तर काही ठिकाणी तिकीट परत रांगेच्या शेवटी जातं, आमच्या एकाचं गेलेलं.

पैशाचं थोडक्यात

मोठं अपडेट आलं की पहिले दोन दिवस काहीही विकत घेऊ नका, नवी स्किन (कपड्याबंदुकीचं नवं रूप) कुठं पळून जात नाही. घेतलीच आणि मिळाली नाही तर पावतीची ईमेल जपा. गूगल प्लेवर घेतल्यापासून ४८ तासांच्या आत परतीसाठी थेट गूगलकडे मागता येतं, नंतर गेमवाल्याकडे जावं लागतं. स्टीमवर गेम घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. कुणीच दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बँकेला सांगून पेमेंट उलटवायचं मात्र शेवटचं, त्यानं अकाउंट बंद होऊ शकतं. आणि मेंटेनन्स लांबला की गेमच्या इनबॉक्समध्ये भरपाई येते, तिला मुदत असते, ती घ्या. इनबॉक्सबाहेर, व्हॉट्सॲपवर भरपाईची लिंक आली तर ती चोराची.

आणि त्या सपोर्टवाल्या माणसाला शिव्या देऊ नका. तारीख तो ठरवत नाही, बग त्यानं केला नाही. मामेभाऊ कधीकधी रात्री दोनला फोन करतो, आवाज बसलेला, पॅच फुटलाय म्हणून अख्खी टीम ऑफिसात आणि बाहेर लोक त्यांच्या आयाबहिणी काढताहेत. त्या रविवारी मीही त्यातलाच एक होतो, अजून त्याला सांगितलेलं नाही.

काउंटरवर मी एक वही ठेवलीय. अपडेटची तारीख, आपली वेळ, किती जीबी, काय बिघडलं, कधी नीट झालं. वर्षभराचं झाल्यावर दिसायला लागलं की एका गेमचे मोठे बग साधारण दुसऱ्या आठवड्यात जातात, दुसरीचे महिना घेतात, आणि तिसरी नुसतं सांगते. पोरं आता येऊन आधी वही बघतात, मग खुर्चीवर बसतात.

पुढचं मोठं अपडेट मंगळवारी सकाळी १० पॅसिफिक म्हणालेत, सध्या फरक साडेबारा तासांचा, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. त्या दिवशी शटर दहालाच ओढणार, एका पीसीवर डाउनलोड लावून घरी जाणार, सकाळी बाकीच्या पाचांवर कॉपी. बुधवारी कॉलेज बुडवून येणाऱ्यांनी अकराच्या आधी येऊ नका.